तीन मुकुट, तीन लिलीफुलं : जुना युरोपीय जेटॉन कसा ओळखायचा

पातळ पितळी चकती, व्यास दोन-सव्वादोन सेंटिमीटर. एका बाजूला मधोमध छोटा गुलाब आणि त्याभोवती आळीपाळीने तीन मुकुट व तीन लिलीफुलं. दुसऱ्या बाजूला क्रूस बसवलेला गोल. कडेनं झिजलेली रोमन अक्षरं. ही चकती हाती आली की बहुतेक जण जुन्या नाण्यांच्या याद्या चाळायला लागतात. कुठल्या राजाचं, कुठल्या देशाचं, किती किमतीचं, असा शोध सुरू होतो आणि कशाचाच मेळ बसत नाही. बसणारही नाही, कारण ही चकती कधी चलनात नव्हतीच. ती आकडेमोडीसाठी पाटावर मांडायची सोंगटी होती. जेटॉन ओळखताना होणाऱ्या निम्म्या चुका हातातली वस्तू नाणं आहे असं धरून चालल्यामुळे होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

जेटॉन हा शब्द फ्रेंच आहे. 'जेते' म्हणजे टाकणं. हिशेबाच्या पाटावर चकत्या 'टाकून' बेरीज-वजाबाकी करायची, म्हणून हे नाव. जर्मनमध्ये त्याला 'रेखेनफेनिग' म्हणतात, डचमध्ये 'रेकेनपेनिंग'. दोन्हींचा अर्थ हिशेबाची पेनी. दुकानातल्या टेबलाला आपण आजही काउंटर म्हणतो, तो शब्दही या मोजणीच्या टेबलावरूनच आला आहे.

पाटावर किंवा कापडावर आडव्या रेषा आखलेल्या असत. सर्वांत खालची रेषा एकाची, वरची दहाची, मग शंभराची, मग हजाराची. हजाराच्या रेषेवर फुलीची खूण. दोन रेषांमधली जागा पाच, पन्नास आणि पाचशे यांची. १२६८ हा आकडा मांडायचा तर हजाराच्या रेषेवर एक चकती, शंभराच्या रेषेवर दोन, पन्नासच्या जागेत एक, दहाच्या रेषेवर एक, पाचच्या जागेत एक आणि एकाच्या रेषेवर तीन, म्हणजे एकूण नऊ चकत्या लागत. बेरीज करताना एका रेषेवर पाच चकत्या झाल्या की त्या उचलून वरच्या जागेत एक ठेवायची. जागेत दोन झाल्या की वरच्या रेषेवर एक. सोळाव्या शतकात जर्मनीत आडाम रीस यांनी रेषांवरचं हे गणित सामान्य माणसापर्यंत नेलं. हिशेब अचूक आहे हे सांगताना जर्मन लोक अजूनही 'आडाम रीजेनुसार' असं म्हणतात.

ही पद्धत लक्षात घेतली की चकतीचे बरेच गुण आपोआप उलगडतात. एकेकाला चकत्यांचा मोठा संच लागायचा, म्हणून त्या स्वस्त हव्यात, म्हणून पितळ. बोटांनी पटकन सरकवता-उचलता याव्यात म्हणून पातळ आणि सपाट. आणि त्यांची किंमत त्या कुठल्या रेषेवर ठेवल्या त्यावर ठरायची, म्हणून चकतीवर किंमत लिहिण्याचा प्रश्नच नव्हता.

इथे एक सावधगिरी. किंमत लिहिलेली नाही एवढ्यावरून जेटॉन ठरत नाही. मध्ययुगातल्या चांदीच्या पेनीवरही किंमत नसे. पण धातू पितळ, जाडी कमी, वजनाला कसलंच प्रमाण नाही आणि कडेच्या लेखात, म्हणजे कोरलेल्या अक्षरांत, राजाच्या पदव्यांऐवजी देवाचं नाव, म्हण किंवा कारागिराचं नाव, या चार गोष्टी एकत्र आल्या की शंका उरत नाही. त्या काळात युरोपात चलनी नाणी सोन्याची, चांदीची, हिणकस चांदीची किंवा तांब्याची असत, पितळेची क्वचितच.

मोजमाप आणि उजेड

साधनं थोडी पुरतात: व्हर्नियर कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि हलवता येईल असा एक दिवा. व्यास दोन दिशांनी मोजा, कारण या चकत्या क्वचितच नेमक्या गोल असतात. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराचे गुलाब-गोलाचे जेटॉन साधारण २० ते २८ मिलिमीटरचे असतात, वजन बहुधा एक ते अडीच ग्रॅम. पण वजनावरून प्रकार ठरवायला जाऊ नका. नाणं ठरलेल्या वजनाचं पाडलं जाई, कारण धातू हीच त्याची किंमत होती. जेटॉनच्या पत्र्याची जाडी कारागिराच्या सोयीची. एकाच जोडीच्या ठशांमधून निघालेल्या दोन चकत्यांच्या वजनात पाव-अर्ध्या ग्रॅमचा फरक असला तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

उजेडाबाबत मात्र अजिबात हयगय नको. वरून पडणारा प्रकाश झिजलेली अक्षरं पुसूनच टाकतो. खोली अंधारी करा, दिवा चकतीच्या पातळीपासून दहा-पंधरा अंशांवर, जवळजवळ आडवा धरा आणि चकती हळूहळू फिरवा. एका दिशेने अदृश्य असलेला अक्षराचा उभा दांडा दुसऱ्या दिशेने सावली टाकतो. म्हणून प्रत्येक बाजूचे किमान चार फोटो काढा, प्रकाश दर वेळी नव्वद अंशांनी सरकवून. फोटोत मिलिमीटरची पट्टी हवीच. फ्लॅश नको. आणि एकाच फोटोवर लेख वाचून मोकळं होऊ नका; चारही फोटो शेजारी ठेवून वाचला तर दोन-तीन अक्षरं हमखास बदलतात.

धातूबद्दल शंका असेल तर घनता काढता येते. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, चकती बारीक दोऱ्यानं बांधून पूर्ण बुडेल पण तळाला वा बाजूला टेकणार नाही अशी सोडा. काटा जेवढे ग्रॅम वाढवून दाखवेल तेवढं तिचं घनफळ, घन सेंटिमीटरमध्ये. २.१० ग्रॅमच्या चकतीनं ०.२५ दाखवलं तर घनता ८.४, म्हणजे पितळ. पण ०.२३ दाखवलं तर उत्तर ९.१ आणि ०.२७ दाखवलं तर ७.८ येतं. इतक्या हलक्या वस्तूला हा प्रयोग ढोबळच आहे. पितळ आणि शिसं (११.३), पितळ आणि चांदी (१०.५) किंवा सोनं वेगळं काढायला तो चालतो, पितळ की कासं हे सांगायला नाही. चकतीला चिकटलेला एक बुडबुडासुद्धा उत्तर बिघडवतो, म्हणून पाण्यात सोडल्यावर दोरा हलकेच हलवा.

आधी चित्र, मग अक्षरं

लेख वाचायची घाई सगळ्यांना असते. माझं ठाम मत असं की चित्र आधी ओळखावं. झिजलेला लेख दहा प्रकारे वाचता येतो. चित्राच्या मात्र मोजक्याच जोड्या आहेत. आणि नेहमी दोन्ही बाजू मिळून जोडी पाहायची, एका बाजूवरून निर्णय नाही.

सर्वांत जुन्यांपैकी इंग्लिश जेटॉन तेराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकापर्यंतचे. आकार लहान, साधारण २० मिलिमीटर. एका बाजूला एडवर्ड राजांच्या चांदीच्या पेनीवर असतो तसाच मुकुटधारी चेहरा, दुसरीकडे क्रूस. पण भोवती लेख नाही. अक्षरांच्या जागी ठिपके किंवा रेघांची किनार. मधोमध बहुधा आरपार भोक किंवा खोल खळगा असतो. चांदीचा मुलामा देऊन ते पेनी म्हणून कुणी खपवू नये यासाठी ही खूण, असं स्पष्टीकरण सहसा दिलं जातं. हे भोक पाहून 'कुणीतरी ताईत केलाय' असं समजू नका. ताईताचं किंवा लोलकाचं भोक काठाजवळ असतं.

फ्रेंच जेटॉन तेराव्या शतकापासून आढळतात. त्यांवर मुकुट, तीन लिलीफुलांची ढाल, डॉल्फिन, कोकरू आणि मागे टोकांना लिलीफुलं असलेला नक्षीदार क्रूस. लेख बऱ्याचदा 'आवे मारिया ग्राचिया प्लेना', म्हणजे मेरीमातेची प्रार्थना. पंधराव्या शतकात टूर्ने या शहरात (आज बेल्जियममध्ये) अशा चकत्या मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या. त्यांची घडण ओबडधोबड, अक्षरं अनेकदा निरर्थक. चार पाकळ्यांच्या चौकटीत क्रूस आणि कोपऱ्यांत 'आवे मारिया'ची सुटी अक्षरं दिसली तर फ्रान्स आणि टूर्ने या दोन्ही शक्यता समोर ठेवा, मग घडणीच्या दर्जावरून ठरवा.

सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गनं सगळी बाजारपेठ काबीज केली, आणि आज कुणाच्याही हाती येणारा जेटॉन बहुधा याच शहराचा असतो. इथे चित्रांच्या मुख्य जोड्या पाठ असाव्यात. सर्वांत जास्त दिसते ती गुलाब-गोलाची: वर वर्णन केलेली मुकुट-लिलींची बाजू आणि मागे साम्राज्याचं चिन्ह असलेला क्रूसधारी गोल. तो तीन कमानी आणि तीन टोकांच्या चौकटीत बसवलेला असतो. दुसरी जोडी जहाजाची: पुढे शिडाचं गलबत, मागे समभुज चौकोनात चार लिलीफुलं. हे जेटॉन जरा मोठे असतात, आणि मूळ लेख फ्रेंच गलबताला शुभेच्छा देणारा. पण ठसे कोरणाऱ्यांनी तो इतक्या वेळा अर्थ न समजता नकलला आहे की बहुतेक चकत्यांवर नुसती अक्षरांची रांग उरते. तिसरी जोडी व्हेनिसच्या संत मार्कच्या पंखवाल्या सिंहाची. त्यावरून चकती व्हेनिसची ठरवू नका. चौथी शाळेची, आणि माझ्या मते सर्वांत सुंदर: पुढे हिशेबाच्या टेबलाशी बसलेला गणकगुरू, मागे चौकोनात पाच ओळींत मांडलेली मुळाक्षरं. त्यांत इंग्रजी 'जे' आणि 'यू' नसतात, कारण 'आय' आणि 'व्ही' हीच अक्षरं त्यांचं काम करीत. हिशेब शिकवणारी वस्तू आणि ती वापरणारा माणूस, दोन्ही एकाच चकतीवर.

सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून चित्रं वाढत जातात: बायबलमधले प्रसंग, रोमन देवता, राजांचे चेहरे. या उशिराच्या चकत्या ओळखायला चित्रापेक्षा नाव जास्त उपयोगी पडतं.

लेख वाचताना

बहुतेक लेख घड्याळाच्या बाराच्या जागेपासून सुरू होतात आणि तिथे छोटी खूण असते: मुकुट, क्रूस किंवा छोटं फूल. आधी ती खूण शोधा. मग घड्याळाच्या दिशेनं जा. 'यू'च्या जागी 'व्ही' येणार हे धरूनच चला. न्यूरेंबर्ग हे नाव 'एन-व्ही-आर' असं आखूड झालेलं दिसेल. 'एन' बऱ्याचदा उलटा कोरलेला असतो, कारण ठशावर सगळं आरशातल्यासारखं कोरावं लागतं आणि घाईत चूक होते. 'सी' आणि 'जी', 'ई' आणि 'एफ', 'आर' आणि 'के' झिजेनंतर एकसारखे दिसतात. अक्षरांचं वळण काळही सांगतं: फुगीर, बंद पोटाची लॉम्बार्डिक अक्षरं असतील तर चकती ढोबळमानानं सोळाव्या शतकाच्या मध्याआधीची, आणि सरळ रोमन कॅपिटल असतील तर त्यानंतरची.

न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं द्या, अंदाजानं भरू नका. पण किती टिंबं, हे मोजता येतं. समजा दहा स्पष्ट अक्षरांनी वर्तुळाचे १५० अंश व्यापले आहेत. म्हणजे एका अक्षराला सुमारे पंधरा अंश. मग साठ अंशांच्या झिजलेल्या भागात चारच्या आसपास अक्षरं असणार. नऊ अक्षरांचं नाव तिथे बसवायचा मोह होत असेल तर तो इथेच सुटतो. फोटोवर कोनमापक ठेवून हे दोन मिनिटांत होतं, आणि झिजलेल्या चकतीवर याच्याइतका भरवशाचा दुसरा उपाय नाही.

न्यूरेंबर्गच्या चकतीवर सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एका बाजूला कारागिराचं नाव येऊ लागतं, दुसऱ्या बाजूला म्हण. त्याआधीच्या चकत्या निनावी आणि लेख बहुतेक अर्थहीन. म्हणी मोजक्या आहेत आणि ओळखीच्या झाल्या की चार अक्षरांवरून पकडता येतात. 'गॉटेस सेगेन माख्ट राइख', देवाचा आशीर्वाद श्रीमंत करतो. 'गॉटेस राइख ब्लाइब्ट एविख', देवाचं राज्य चिरंतन राहतं. 'ग्लिक कुम्ट फॉन गॉट इस्ट वार', भाग्य देवाकडून येतं हे खरं. आणि सर्वांत धारदार, 'हाइट रोट मॉर्गेन टोट', आज गाल लाल, उद्या मरण. रोज हिशेब करणाऱ्या माणसाच्या बोटांखाली ही वाक्यं सरकत असायची. लॅटिन 'वेर्बुम दोमिनी मानेत इन एतेर्नुम', प्रभूचं वचन शाश्वत राहतं, हेही दिसतं. स्पेलिंग प्रत्येक ठशावर वेगळं असू शकतं. तेव्हा शुद्धलेखन पक्कं झालेलंच नव्हतं.

नावांत शुल्टेस, क्राउविंकेल आणि लाउफर ही तीन घराणी आधी लक्षात ठेवा. यातला सर्वांत जास्त भेटणारा हान्स क्राउविंकेल दुसरा, ज्याचा कारागिरीचा काळ १५८६ ते १६३५ धरतात. पण त्याच नावाचा आधीचा हान्सही आहे. वोल्फ लाउफर तर तीन; त्यांतला दुसरा १६१२ ते १६५१ या काळातला. म्हणून 'हान्स क्राउविंकेल' वाचलं की लगेच साल लिहू नका. चित्राची शैली आणि म्हण पडताळा. पुढे अठराव्या शतकात डिट्झेल आणि डोर्न येतात, एकोणिसाव्यात लाउअर. उशिराच्या चकत्यांवर नाव आखूड होत आद्याक्षरांवर येतं आणि 'रेख फेन' हा रेखेनफेनिगचा संक्षेप जोडलेला असतो. हे दोन तुकडे दिसले की बाकी चित्रात कुणीही राजा असो, चकती जर्मन जेटॉन आहे.

याच मुद्द्यावर सर्वाधिक फसगत होते. चौदाव्या लुईचा चेहरा, भोवती फ्रान्स आणि नावारचा राजा अशी पदवी, आणि धातू पातळ पितळ. ही फ्रेंच सरकारी वस्तू नाही. फ्रान्समध्ये राजाच्या परिषदेपासून राजकोशापर्यंत वेगवेगळ्या खात्यांसाठी दरवर्षी नव्या चित्राचे जेटॉन पाडले जात, चांदीचे आणि तांब्याचे, आणि अधिकाऱ्यांना भेट म्हणून मिळत. 'निल निसी कोन्सिलियो', सल्ल्याशिवाय काही नाही, हे राजाच्या परिषदेचं ब्रीद. त्यांची घडण भरीव, कोरीवकाम तीक्ष्ण, व्यास साधारण २८ ते ३२ मिलिमीटर. अठराव्या शतकात अष्टकोनीही. न्यूरेंबर्गनं त्यांच्याच चित्रांच्या स्वस्त पितळी नकला काढल्या. चेहऱ्याच्या खाली किंवा मागच्या बाजूच्या तळाशी बारीक आद्याक्षरं शोधा. लाझारुस गॉटलिब लाउफरची 'एल-जी-एल' तिथेच सापडतात.

फ्रेंच जेटॉन खरोखर त्या काळचा की पॅरिसच्या टांकसाळीनं नंतर जुन्या ठशांतून पाडलेला, हे काठ सांगतो. १८३२पासून टांकसाळीनं काठावर चिन्ह आणि धातूचं नाव ठोकायला सुरुवात केली. आधी दिवा, १८४१ला जहाजाचा नांगर, १८४२पासून गलबताचं नाळेकडचं टोक, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, मग १८७९पर्यंत मधमाशी, आणि १८८०पासून समृद्धीचं शिंग. पुढच्या बाजूला १६८० साल आहे आणि काठावर मधमाशी, तर चकती एकोणिसाव्या शतकातली. विकताना काढलेल्या फोटोंत काठ बहुधा दाखवलेलाच नसतो. तो मागा.

नेदरलँड्सचे जेटॉन यांहून वेगळे. त्यांवर सोळाव्या शतकातल्या युद्धाचं राजकारण थेट दिसतं, साल असतं, आणि लेखात 'कालकुली' किंवा दक्षिणेकडच्या हिशेब-दफ्तरांसाठीचे असतील तर 'गेक्त', 'गेत्झ' असे शब्द. हा शब्द सापडला की जेटॉन ठरला. मग सालावरून प्रसंग शोधायचा.

जेटॉनसारखं दिसणारं, पण जेटॉन नसलेलं

पत्त्यांच्या खेळात पैशाऐवजी लावायच्या चकत्या एकोणिसाव्या शतकात भरपूर निघाल्या. जर्मन चकत्यांवर 'श्पीलमार्क' किंवा 'श्पीलम्युंझ' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. इंग्लंडमध्ये तिसऱ्या जॉर्जच्या सोन्याच्या 'स्पेड गिनी'च्या पितळी नकला निघाल्या. खरी स्पेड गिनी १७८७ ते १७९९ची, सुमारे ८.३५ ग्रॅम सोन्याची, आणि तिच्या मागच्या बाजूला पदव्यांची सुटी आद्याक्षरं. नकलेवर तिथे सलग इंग्रजी शब्द असतात, 'जुन्या चांगल्या दिवसांच्या स्मरणार्थ' या अर्थाचे, आणि वजन गिनीच्या जवळपासही नसतं. १७६८ साल कोरलेलं असेल तर नकलच, कारण तेव्हा या चित्राची गिनी निघालेलीच नव्हती.

'टू हॅनोव्हर' लिहिलेली १८३७ची चकतीही याच वर्गातली. एका बाजूला व्हिक्टोरिया, दुसरीकडे मुकुट घातलेला घोडेस्वार आणि ड्रॅगन. हॅनोव्हरच्या गादीवर तिथल्या वारसाहक्कानुसार व्हिक्टोरियाला बसता येत नव्हतं. तिचे काका कंबरलंडचे ड्यूक तिथे राजा म्हणून गेले, आणि ब्रिटनमधले त्यांचे विरोधक खूश झाले. ही चकती तो टोमणा आहे. चित्र सॉव्हरिन या ब्रिटिश सोन्याच्या नाण्यावरच्या संत जॉर्जची नक्कल असल्यामुळे अनेक जण तिला सोन्याचं नाणं समजतात.

व्यापाऱ्यांचे टोकन वेगळे, कारण त्यांना किंमत होती. १६४८ ते १६७२ या काळात इंग्लंडमध्ये सुट्या पैशांची टंचाई होती, तेव्हा दुकानदारांनी आपापले फार्दिंग (पाव पेनी) आणि अर्धी पेनी काढल्या. त्यांवर दुकानदाराचं नाव, गाव, धंद्याचं चिन्ह आणि बरेचदा तीन अक्षरांचा त्रिकोण असतो: वर आडनावाचं अक्षर, खाली डावीकडे नवऱ्याचं आणि उजवीकडे बायकोचं. हा त्रिकोण दिसला की जेटॉनची यादी मिटवा. १७८७ला वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन (Parys Mine) या तांब्याच्या खाणीच्या कंपनीनं ड्रुइडचा, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहिताचा, चेहरा असलेल्या तांब्याच्या पेनीनं टोकनांची दुसरी लाट सुरू केली. त्या जाड, तांब्याच्या, आणि काठावर कुठे वटवता येईल ते लिहिलेल्या.

शिशाचे तुकडे मात्र वेगळा विषय आहे. एवढंच सांगतो: आद्याक्षरं आणि साल असलेला चौकोनी वा लांबट शिशाचा तुकडा स्कॉटलंडमधल्या चर्चचा प्रभुभोजनाचा टोकन असू शकतो, आणि दोन चकत्या पट्टीनं जोडलेला तुकडा कापडाच्या गठ्ठ्यावरची मोहर.

जमिनीत कुठे सापडलं यावरून मूळ ठरवायची सवयही सोडा. न्यूरेंबर्गच्या चकत्या युरोपभर गेल्या. इंग्लंडच्या शेतांत नांगरताना त्या सतत निघतात. ब्रिटिश म्युझियममधून चालणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेच्या मोफत ऑनलाइन संग्रहात त्यांची हजारो छायाचित्रं मापांसह आहेत. लेखाचे तीन-चार सलग अक्षरांचे तुकडे टाकून तिथे शोधलं तर जुळती जोडी बहुधा सापडते. पूर्ण लेख टाकू नका, स्पेलिंगच्या फरकामुळे काहीच हाती लागणार नाही.

साफसफाई

ओळख पटण्याआधी पॉलिश केलेला जेटॉन हा गमावलेला पुरावा आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कुठलीही आंबट वस्तू, मग ती व्हिनेगर असो की लिंबू, आधी जस्त खाऊन टाकते आणि पृष्ठभागावर गुलाबी तांब्याचे चट्टे उरतात. ते परत जात नाहीत. शिवाय झिजलेल्या अक्षरांत राहिलेली गडद पुटंच ती अक्षरं वाचायला मदत करत असतात. ऊर्ध्वपातित पाण्यात काही तास भिजवा, मऊ ब्रशनं सुटी माती काढा, कापडानं टिपा आणि पूर्ण वाळू द्या. चिवट माती बाभळीच्या काट्यानं किंवा बांबूच्या काडीनं भिंगाखाली उचलता येते. सुई नको, पितळावर ओरखडा उठतो. फिकट हिरवी भुकटी पुन्हापुन्हा येत असेल तर ती क्लोराइडमुळे होणारी झीज आहे. असा नग बाकीच्यांपासून वेगळा, सिलिका जेलसोबत बंद डबीत ठेवा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत कुठलाच पितळी नग ठेवू नका. ती कालांतरानं आम्ल सोडतात.

नोंद कशी लिहायची, ते एका उदाहरणानं. समजा चकती पितळेची, २२.६ बाय २२.९ मिलिमीटर, १.३४ ग्रॅम. पुढे मुकुट-लिली-गुलाब, लेखात '...न्स क्राव्हविं.....न नूर' एवढं वाचता येतं. मागे तीन कमानींत क्रूसधारी गोल, लेखात '...टेस सेग....ख्ट रा...'. नावाच्या सुरुवातीच्या झिजलेल्या जागेत कोनमापकानं तीन रोमन अक्षरं (एच, ए, एन) बसतात, म्हणजे 'हान्स' दोन 'एन'नी लिहिलेलं आहे. म्हण 'गॉटेस सेगेन माख्ट राइख'. अक्षरं रोमन. मग नोंद अशी: न्यूरेंबर्ग, हान्स क्राउविंकेल दुसरा, १५८६ ते १६३५, गुलाब-गोल प्रकार, त्यानंतर मापं, दोन्ही लेख टिंबांसह जसे दिसतात तसे, आणि दोन बाजूंच्या चित्रांमधला कोन घड्याळाच्या तासांत. हा कोन मोजायला चकती उभ्या अक्षावर पानासारखी उलटा आणि मागचं चित्र कितीच्या दिशेनं उभं आहे ते लिहा. जेटॉनमध्ये तो कसाही असतो, त्यानं ओळख पटत नाही. पण पुढे त्याच ठशांची दुसरी चकती भेटली तर तुलनेला कामी येतो. आधीच्या हान्सची शक्यता पूर्ण फेटाळता आली नसेल तर 'दुसरा'च्या पुढे प्रश्नचिन्ह घाला, आणि फोटो नोंदीसोबतच ठेवा.